प्रश्नोत्तरे : मनाच्या रोजच्या नोंदी आणि कालश्रेणीचे गणित

संख्याशास्त्राविषयी या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रकारच्या माहितीबद्दल आहेत: त्याच व्यक्तीकडून, ठरावीक अंतराने, पुन्हा पुन्हा घेतलेल्या नोंदी, म्हणजेच कालश्रेणी. मोबाइलमुळे अशी माहिती गोळा करणे सोपे झाले आहे. तिचा अर्थ लावणे मात्र होते तितकेच अवघड राहिले आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी मानसशास्त्रात पीएच.डी. करत आहे. ४० सहभागींकडून ३० दिवस रोज रात्री, आदल्या रात्रीच्या झोपेचे तास आणि दिवसभरातील चिडचिडीला ० ते १० पैकी गुण अशी नोंद घेतली. एकूण १,२०० नोंदी झाल्या. त्या सर्वांवरून काढलेला सहसंबंध ऋण (झोप कमी तर चिडचिड जास्त) आणि अत्यंत लक्षणीय (निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता फार कमी) आला. सादरीकरणाच्या वेळी मात्र ‘या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नाहीत’ असा आक्षेप घेतला गेला. त्यामुळे निष्कर्षात नेमका किती फरक पडतो?

उत्तर : आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या पोटात दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली अडचण अशी की, काल चिडलेला माणूस आज पाटी कोरी करून उठत नाही. आजच्या नोंदीत कालच्या नोंदीचा अंश असतो, म्हणजेच श्रेणीचा स्वतःशीच सहसंबंध असतो. याला स्वसहसंबंध म्हणतात. एका दिवसाच्या अंतराचा स्वसहसंबंध ०.५ असेल आणि पुढच्या दिवसांत तो त्याच पटीने घटत जात असेल, तर एका व्यक्तीच्या सरासरीचा अंदाज करण्याच्या दृष्टीने ३० नोंदींची किंमत सुमारे १० स्वतंत्र नोंदींइतकीच उरते, कारण नोंदींच्या संख्येला (१ − ०.५) भागिले (१ + ०.५) या गुणोत्तराने गुणावे लागते. झोप आणि चिडचिड या दोन्ही श्रेणींत ०.५ इतका स्वसहसंबंध असेल, तर त्यांचा परस्परसंबंध तपासताना ३० ऐवजी साधारण १८ नोंदी हाती आहेत असे धरावे लागते. संगणकाला आपण हे सांगितलेले नसते. तो १,२०० हा आकडा खरा मानतो आणि प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातील अनिश्चितता, फार लहान दाखवतो. तुमच्या निकालातील ‘अत्यंत लक्षणीय’ या शब्दांपैकी ‘अत्यंत’ हा शब्द बहुधा येथूनच आलेला आहे.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. ४० जणांच्या नोंदी एकाच ढिगात टाकल्यावर दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. ‘कमी झोपणारी माणसे जास्त चिडचिडी असतात का?’ हा व्यक्तीव्यक्तींमधील फरकाचा प्रश्न आहे. ‘एखादी व्यक्ती ज्या दिवशी नेहमीपेक्षा कमी झोपते, त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त चिडते का?’ हा व्यक्तीच्या आतील चढउताराचा प्रश्न आहे. या दोहोंची उत्तरे सारखी असतीलच असे नाही. ती एकमेकांच्या विरुद्धही असू शकतात. अभ्यास आणि परीक्षेची धास्ती यांचा विचार करा. वर्षभर नियमित अभ्यास करणारे विद्यार्थी एकंदरीत कमी धास्तावलेले असतील, म्हणजे व्यक्तींची तुलना केल्यास संबंध ऋण येईल. पण त्यांच्यापैकी कोणत्याही एका विद्यार्थिनीच्या रोजच्या नोंदी पाहिल्या, तर ज्या आठवड्यात अभ्यासाचे तास वाढतात तोच परीक्षेच्या तोंडावरचा आठवडा असतो आणि धास्तीही तेव्हाच वाढते. तेथे संबंध धन येईल. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि सगळ्या नोंदींचा मिळून काढलेला एकच आकडा त्यांपैकी कोणतेच विधान धड सांगत नाही.

समूहावर मिळालेला निष्कर्ष एका व्यक्तीच्या काळातील बदलांना केव्हा लागू पडतो, याचे गणिती उत्तर ‘एर्गोडिक’ प्रक्रियांच्या सिद्धांतात आहे. जॉर्ज बर्कॉफ यांनी १९३१ साली त्या सिद्धांतातील एक मूलभूत प्रमेय सिद्ध केले होते, परंतु त्याचा मानसशास्त्राशी असलेला संबंध पीटर मोलेनार यांनी २००४ साली ठामपणे मांडला. प्रत्येक व्यक्तीच्या प्रक्रियेचे नियम सारखे असतील आणि ते नियम काळानुसार बदलत नसतील, तरच समूहाची रचना आणि व्यक्तीची रचना एकच ठरते. शिकणारी, वयात येणारी, आजारी पडणारी आणि बरी होणारी माणसे ही अट क्वचितच पाळतात. ॲरन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली वारंवार मोजमापे घेतलेल्या सहा अभ्यासांची माहिती तपासली, तेव्हा सरासरी अंदाज साधारण जुळले, मात्र त्याभोवतीचे प्रचरण (विखुरलेपणा) समूहापेक्षा व्यक्तीच्या आत दोन ते चार पट अधिक आढळले.

तुमच्या माहितीचे करावे काय? प्रत्येक सहभागीची झोपेची स्वतःची सरासरी काढून ती एक चल (बदलती राशी) म्हणून ठेवावी आणि रोजची झोप त्या सरासरीपासून किती ढळली, हा दुसरा चल करावा. दोन्ही चल एकाच बहुस्तरीय प्रतिमानात (व्यक्ती आणि तिच्या रोजच्या नोंदी असे दोन स्तर वेगळे धरणाऱ्या गणिती मांडणीत) घालावेत, त्यात कालची चिडचिड हाही चल ठेवावा आणि झोपेचा परिणाम व्यक्तीगणिक बदलू द्यावा. दिवसाचा क्रमांक आणि आठवड्याचा वारही घालून पाहावा, कारण सुट्टीच्या दिवशी झोप आणि मनःस्थिती दोन्ही बदलतात आणि त्यांचा आपसांत काही संबंध नसला तरी तो दिसू लागतो. आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात सहज येऊन गेली आहे, ती अधिक चिंतेची आहे: झोपेचा प्रश्नही तुम्ही रात्रीच विचारला. दिवसभर चिडलेला माणूस आदल्या रात्रीची झोप कमी झाली होती असे आठवण्याची शक्यता असते. झोपेची नोंद सकाळी घेतली असती तर हा पेच उद्भवला नसता. आता कोणतेही प्रतिमान तो सोडवू शकणार नाही, तेव्हा प्रबंधात मर्यादा म्हणून तो स्पष्ट लिहावा.

प्रश्न : मी समुपदेशक आहे. एका व्यक्तीने उपचार सुरू होण्यापूर्वी सात दिवस आणि सुरू झाल्यानंतर सात दिवस चिंतेला ० ते १० पैकी गुण दिले. आधीच्या सरासरीपेक्षा नंतरची सरासरी बरीच कमी आहे. टी-चाचणी (दोन सरासरींतील फरक योगायोगाचा आहे का हे पाहणारी चाचणी) करून उपचाराचा परिणाम सिद्ध झाला असे म्हणता येईल का?

उत्तर : म्हणता येणार नाही. तुम्ही पत्रासोबत पाठवलेले आकडे क्रमाने लिहिले की कारण आपोआप दिसते. उपचारापूर्वी : ८, ८, ७, ८, ७, ६, ६. उपचारानंतर : ६, ५, ५, ६, ४, ५, ४. पहिल्या सात दिवसांची सरासरी सुमारे ७.१ आहे, पुढच्या सात दिवसांची ५. टी-चाचणीला एवढेच दिसते. पण पहिले सात आकडे स्वतःच खाली उतरत आहेत. त्यांतून सरळ रेषा काढली तर उतार दररोज सुमारे ०.३६ गुणांचा येतो. तीच रेषा पुढे वाढवली, तर काहीही न करता पुढच्या सात दिवसांची सरासरी ४.६ च्या आसपास यायला हवी होती. प्रत्यक्षात ती ५ आली. म्हणजे या आकड्यांनुसार उपचाराने चिंता कमी झाली असे तर दिसत नाहीच, उलट उतरण किंचित मंदावली असेही कोणी म्हणू शकेल. मी तसे म्हणणार नाही, कारण सात नोंदींवरून काढलेली रेषा फार भरवशाची नसते. पण टी-चाचणीचा निकाल तिच्यापेक्षाही कमी भरवशाचा आहे.

येथे दुसरेही एक कारण असू शकते. माणूस मदत मागायला येतो तो सहसा त्याचा सर्वांत वाईट आठवडा असतो. अशा टोकाच्या अवस्थेनंतरच्या नोंदी, उपचार असोत वा नसोत, सरासरीकडे सरकतातच.

अशा आराखड्याला खंडित कालश्रेणीचा आराखडा म्हणतात आणि त्याचे विश्लेषण नवे नाही. जॉर्ज बॉक्स आणि जॉर्ज टियाओ यांनी १९७५ साली हस्तक्षेपाचा परिणाम मोजण्याची रीत मांडली. त्यांचे एक उदाहरण लॉस एंजेलिसच्या हवाप्रदूषणाचे होते. त्याच वर्षी जीन ग्लास, व्हिक्टर विल्सन आणि जॉन गॉटमन यांनी कालश्रेणीवर आधारलेल्या प्रयोगांवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले, तेही वर्तनशास्त्रांच्या वाचकांसाठी. या पद्धतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या जातात: हस्तक्षेपापूर्वी श्रेणीचा कल काय होता, हस्तक्षेपाच्या क्षणी पातळी एकदम बदलली का, आणि त्यानंतर कलाची दिशा बदलली का. शिवाय प्रतिमानातून उरलेल्या त्रुटींमध्ये स्वसहसंबंध असू शकतो, तो धरूनच प्रमाण त्रुटी काढावी लागते.

पुढच्या वेळी आराखड्यातच सुधारणा करता येईल. उपचारापूर्वीचा टप्पा लांबवणे नेहमी नैतिकदृष्ट्या योग्य नसते, हे मान्य. पण दोन ते तीन आठवड्यांच्या शक्य अवधीत उपचार कोणत्या दिवशी सुरू करायचा हे आधीच चिठ्ठी टाकून ठरवता येते. मग प्रत्यक्ष निवडलेल्या दिवशी दिसलेला बदल हा इतर कोणत्याही संभाव्य दिवशी दिसला असता त्याहून मोठा आहे का, अशी चाचणी करता येते आणि तिला श्रेणीच्या वितरणाविषयी फारशी गृहीतके लागत नाहीत. तीन-चार व्यक्तींवर उपचार निरनिराळ्या दिवशी सुरू केले आणि प्रत्येकीचा आलेख तिच्या तिच्या दिवशीच वळला, तर पुरावा आणखी भक्कम होतो. उपचार थांबवून पुन्हा सुरू करण्याचा आराखडा औषधांच्या बाबतीत कधी कधी चालतो, पण समुपदेशनात तो बहुधा निरुपयोगी ठरतो, कारण एकदा शिकलेले कौशल्य काढून घेता येत नाही.

प्रश्न : मी स्वतःच्या नोंदी दोन वर्षे ठेवल्या आहेत. दर महिन्याला मोबाइलवर घालवलेले तास आणि एकटेपणाची भावना या दोहोंचा सहसंबंध ०.८ आला. हा पुरावा मानावा का?

उत्तर : दोन्ही आलेख या दोन वर्षांत सावकाश वर चढत असतील, तर मानू नये. वर जाणाऱ्या कोणत्याही दोन श्रेणींचा सहसंबंध मोठाच येतो. उडनी यूल यांनी १९२६ साली याचे अविस्मरणीय उदाहरण दिले: १८६६ ते १९११ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झालेल्या विवाहांचे प्रमाण आणि त्याच प्रदेशाचा मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ इतका होता. पुढे १९७४ साली क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी दाखवले की परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या, पण दिशाहीन भटकत जाणाऱ्या दोन श्रेणींवर रिग्रेशन केले, म्हणजे एकीवरून दुसरीचा अंदाज बांधला, तरी ‘लक्षणीय’ निकाल फार वेळा मिळतो.

पहिली तपासणी सोपी आहे. मूळ आकड्यांऐवजी एका महिन्यापासून पुढच्या महिन्यापर्यंत झालेला फरक घ्या आणि त्या फरकांचा सहसंबंध पाहा. तो नाहीसा झाला, तर तुमच्या ०.८ मध्ये दोन कलांपलीकडे फारसे काही नव्हते. मात्र ही कृती डोळे मिटून करू नये. एखाद्या व्यक्तीचा एकटेपणा खरोखरच दोन वर्षांत वाढत गेला असेल आणि तेच समजून घ्यायचे असेल, तर कल पुसून टाकणे म्हणजे मूळ प्रश्नच पुसून टाकणे होय. कल काढायचा की ठेवायचा हे संगणकावरच्या चाचणीवर सोपवू नये; तो अभ्यासाच्या विषयाचा निर्णय आहे.

प्रश्न : दिवसातून किती वेळा आणि एकूण किती नोंदी घ्याव्यात? वेगवेगळ्या शोधनिबंधांत वेगवेगळे आकडे दिसतात.

उत्तर : एकच आकडा देता येत नाही, पण तो कशावरून ठरवावा हे सांगता येते. सुरुवात नोंदींमधील अंतरापासून करावी. ज्या मानसिक प्रक्रियेचा अभ्यास करायचा आहे ती किती वेळात उमटते आणि किती वेळात विरते? राग अर्ध्या तासात निवत असेल आणि तुम्ही दिवसातून एकदाच विचारत असाल, तर एका नोंदीचा दुसरीशी संबंध दिसणार नाही आणि ‘रागाला सातत्य नसते’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सातत्याचा आकडा हा अंतराशी बांधलेला असतो, ही गोष्ट शोधनिबंधांतही अनेकदा सुटून जाते. प्रक्रिया साधी असेल आणि दोन तासांच्या अंतराला स्वसहसंबंध ०.५ असेल, तर चार तासांना तो ०.२५ होतो आणि रात्रीच्या दहा तासांच्या खंडानंतर सुमारे ०.०३ उरतो. आता दिवसातून आठ नोंदी घेणारा संशोधक रात्रीची शेवटची नोंद आणि सकाळची पहिली नोंद लागोपाठच्या समजून बसला, तर तो ०.५ आणि ०.०३ यांचे मिश्रण मोजत असतो. दोन अभ्यासांनी निरनिराळी अंतरे वापरली असतील, तर त्यांच्या गुणांकांची थेट तुलनाही करता येत नाही. रात्रीचा खंड निदान वेगळा दाखवावा, किंवा प्रत्यक्ष गेलेला वेळ विचारात घेणारी सतत-काल प्रतिमाने वापरावीत. संदेश मुद्दाम अनियमित वेळी पाठवले जात असतील, तर दुसरा मार्ग अटळच आहे. अनियमित वेळी विचारण्याची प्रथा तशी जुनी आहे: मिहाय चिक्सेंटमिहाय, रीड लार्सन आणि सुझान प्रेस्कॉट यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलांना पेजर दिले होते आणि पेजर वाजला की त्या क्षणी काय चालले आहे ते लिहायचे होते.

एकूण संख्येबद्दल बोलायचे, तर एकाच व्यक्तीच्या श्रेणीसाठी जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेन्किन्स यांनी किमान ५० आणि शक्यतो १०० किंवा अधिक नोंदी असाव्यात असे सुचवले होते. त्यामागचे एक कारण आकड्यांत दाखवता येते. लहान श्रेणीवरून काढलेला स्वसहसंबंध खऱ्यापेक्षा कमी येतो. १९५४ साली मॉरिस केंडॉल यांनी, तसेच त्यांच्याबरोबरच मॅरिएट आणि पोप यांनी ही तूट मोजण्याचे सूत्र दिले. खरा गुणांक ०.४ असेल आणि नोंदी २० असतील, तर अंदाज सरासरीने ०.२९ च्या आसपास येतो. नोंदी १०० असतील तर ०.३८ च्या आसपास. म्हणजे वीस दिवस रोजनिशी लिहून घेणारा अभ्यास सर्व सहभागींच्या भावनांचे सातत्य जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी दाखवतो. पुष्कळ सहभागी असतील आणि बहुस्तरीय प्रतिमान नीट निवडले असेल, तर एकेका व्यक्तीच्या नोंदी कमी असूनही समूहाबद्दलचे अंदाज पुरेसे चांगले मिळतात, कारण प्रत्येकाचा अंदाज इतरांच्या माहितीचा आधार घेतो. पण तुमचा प्रश्न एका विशिष्ट व्यक्तीबद्दल असेल, तर इतरांच्या आधारावर फार विसंबता येत नाही.

नोंदी वाढवण्याची किंमत सहभागींना मोजावी लागते, हेही विसरू नये. दिवसातून दहा वेळा चाळीस प्रश्न विचारले, तर तिसऱ्या दिवसापासून लोक न वाचता एकाच रांगेतील खुणा करत सुटतात. प्रश्न निम्मे करून दिवस वाढवणे मला नेहमी अधिक फायद्याचे वाटते.

प्रश्न : भावना ‘चिकटून राहणे’ हे नैराश्याचे लक्षण आहे असे वाचले. एक अॅप तसा निर्देशांकही दाखवते. त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : या कल्पनेला आधार आहे, पण तो निर्देशांक जितका आत्मविश्वासाने दाखवला जातो तितका नाही. पीटर कुपेन्स, निकोलस ॲलन आणि लिसा शीबर यांनी २०१० साली भावनिक जडत्वाची कल्पना मांडली. ज्यांच्या भावनांचा एका क्षणापासून पुढच्या क्षणापर्यंतचा स्वसहसंबंध अधिक असतो, त्यांच्या भावना प्रसंग बदलला तरी लवकर बदलत नाहीत, आणि आत्मसन्मान कमी असलेल्या व तसेच नैराश्य असलेल्या व्यक्तींमध्ये असे जडत्व अधिक आढळले.

त्यानंतर असे निर्देशांक भराभर वाढले: जडत्व, अस्थिरता, भावनाभावनांमधील जाळ्याची घनता आणि इतर बरेच. २०१९ साली एगॉन देयोंकहेरे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून एक सरळ प्रश्न विचारला: एखाद्या व्यक्तीच्या भावनांची सरासरी आणि प्रमाण विचलन (चढउतार किती मोठे आहेत याचे माप) माहीत असेल, तर हे निर्देशांक तिच्या मानसिक स्वास्थ्याबद्दल आणखी किती सांगतात? उत्तर होते, फारच थोडे. अॅपमध्ये निर्देशांक एकटाच दाखवला जातो, त्यामुळे त्याने काय भर घातली हे कळण्याची सोयच नसते. शिवाय मोजमापातील त्रुटी स्वसहसंबंध खाली ओढते; जी व्यक्ती घाईघाईने उत्तरे देते तिचे जडत्व कमी दिसते आणि अॅप तिला ‘लवचीक’ ठरवते.

याच कल्पनेची एक महत्त्वाकांक्षी शाखाही आहे. एखादी व्यवस्था कोसळण्याच्या उंबरठ्यावर आली की लहान धक्क्यांतून सावरायला तिला अधिकाधिक वेळ लागतो, म्हणजे तिचा स्वसहसंबंध आणि प्रचरण वाढत जातात. परिसंस्थांच्या अभ्यासातील हा विचार इनग्रिड व्हान द लेम्पुट आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली नैराश्याला लावून पाहिला. २०१६ साली मारीके विचर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच पुरुषाच्या २३९ दिवसांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्याचे नैराश्यावरील औषध त्या काळात हळूहळू कमी केले जात होते, दिवसातून जास्तीत जास्त दहा वेळा तो नोंद करत होता, आणि लक्षणे परतण्यापूर्वी त्याच्या श्रेणीत असे बदल दिसले. हा अभ्यास मला आजही विलक्षण वाटतो. पण तो एका माणसाचा आहे आणि त्यानंतरच्या अभ्यासांत काहींना पूर्वसूचना मिळाली, काहींना ती न मिळताच आजार उलटला, तर काहींच्या बाबतीत सूचना मिळूनही पुढे काही घडले नाही. औषध थांबवण्याचा किंवा सुरू ठेवण्याचा निर्णय अॅपवरील अशा आकड्यावरून घेऊ नये. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : सहा भावनांच्या जाळ्याचा आलेख एका निबंधात पाहिला. त्यात बाण होते. बाण म्हणजे कार्यकारणभाव समजावा का?

उत्तर : बाण म्हणजे पूर्वानुमान. क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ साली मांडलेली कसोटी अशी आहे: दुसऱ्या श्रेणीचा स्वतःचा भूतकाळ माहीत असूनही पहिल्या श्रेणीच्या भूतकाळामुळे तिचे पूर्वानुमान सुधारत असेल, तर पहिलीकडून दुसरीकडे बाण काढावा. समजा, परीक्षेचे वेळापत्रक जाहीर झाले. त्या रात्री झोप मोडली आणि दोन दिवसांनी धास्ती वाढली. वेळापत्रकाची नोंद कोणी ठेवलेली नाही. आलेखात झोपेपासून धास्तीकडे ठळक बाण येईल, आणि झोपेच्या गोळ्या देऊन धास्ती तसूभरही कमी होणार नाही.

आणखी एक साधा हिशेब करून पाहावा. सहा भावनांच्या जाळ्यात प्रत्येक भावनेचा पुढच्या वेळी प्रत्येक भावनेवर, स्वतःवरही धरून, परिणाम मोजायचा म्हणजे ३६ गुणांक होतात. एका व्यक्तीच्या ६० नोंदींवरून ३६ गुणांक काढले, तर आलेख सुंदर दिसतो, पण पुढचे ६० दिवस घेतल्यास बाण दुसरीकडेच वळलेले आढळतात. असा निबंध वाचताना त्या व्यक्तीच्या नोंदी किती होत्या आणि गुणांकांच्या विश्वास मर्यादा (खरा आकडा कोणत्या पट्ट्यात असू शकतो) दिल्या आहेत का, एवढे पाहिले तरी बरेचसे उलगडते.

प्रश्न : काही सहभागींनी मधले दिवस नोंदच केली नाही. ती जागा त्यांच्या सरासरीने भरावी, आदल्या दिवसाच्या आकड्याने भरावी, की त्या ओळी काढून टाकाव्यात?

उत्तर : या तिन्हींपैकी काहीच करू नये. ओळी काढून टाकल्या की शुक्रवारच्या नोंदीनंतर थेट मंगळवारची नोंद येते आणि प्रतिमान त्या दोहोंना लागोपाठचे दिवस समजते. आदल्या दिवसाचा आकडा पुढे ओढला, तर स्वसहसंबंध कृत्रिमरीत्या वाढतो, कारण आपणच श्रेणीला तिची स्वतःची नक्कल करायला लावलेली असते. सरासरी भरली तर चढउतार सपाट होतात. रिकामी जागा रिकामीच ठेवावी, पण ओळ आणि तारीख मात्र राहू द्यावी. काल्मन गाळणीवर (दर नव्या नोंदीनुसार अंदाज सुधारत नेणाऱ्या गणिती रीतीवर) आधारलेली अवस्था-अवकाश प्रतिमाने अशा रिकाम्या जागांतून सहज पुढे जातात. बहुस्तरीय कालश्रेणीसाठी बेझियन पद्धती वापरणारी सॉफ्टवेअरही त्या जागा अंदाजाचाच भाग म्हणून हाताळतात.

नोंद का चुकली हा प्रश्न मात्र सॉफ्टवेअर सोडवत नाही. मन फार खचलेले असताना नोंद करायचे राहून जात असेल, तर सर्वांत वाईट दिवस तुमच्या माहितीत आलेलेच नाहीत आणि सर्व आकडे प्रत्यक्षाहून बरे दिसतील. हे ताडण्यासाठी प्रत्येक खंडाच्या लगेच आधीची नोंद इतर नोंदींशी ताडून पाहावी. ती सातत्याने खालावलेली असेल, तर तुमची शंका बळावते. अभ्यास अजून चालू असेल, तर पुढच्या संदेशात एकच प्रश्न वाढवावा: मागची नोंद कशामुळे राहिली? वेळ नव्हता, मोबाइल जवळ नव्हता, की करावीशी वाटली नाही, असे तीन पर्याय पुरेत.